लॉजमधली झोळी आणि लॉजबाहेरचा फलक

दानधर्मावर टीका करणें हें काम लोकांस रुचत नाहीं. कोणी गृहस्थानें थंडींत चार कांबळीं वाटलीं आणि दुसऱ्यानें त्यांत खोड काढली, तर हा दुसरा स्वतः कवडीही देत नसावा असा समज सहज होतो. आणि पुष्कळदां तो खराही असतो. हा आरोप डोक्यावर घेऊनच आम्ही आज नागपुरांतील बंधुसंघांच्या दानधर्माविषयीं चार शब्द लिहीत आहों, आणि ते सर्व गोड नाहींत हें आरंभींच सांगून टाकतों. बंधुसंघ या शब्दानें फ्रीमेसन मंडळींचे लॉज आम्हांस अभिप्रेत आहेतच, पण त्यांच्या मागून आलेले रोटरी, लायन्स वगैरे क्लबही आम्ही त्याच पंक्तीस बसवितों. रोटरीस लॉजचें भावंड म्हटलेलें दोघांपैकीं कोणासही आवडणार नाहीं. एकाचे विधि बंद दाराआड, दुसऱ्याचें जेवण हॉटेलांत. एकाची निष्ठा विश्वकर्म्या ईश्वरावर, दुसऱ्याची घड्याळावर. तथापि सुस्थितींतील गृहस्थांनीं एकमेकांस बंधु मानावें, एकत्र जेवावें, आणि जेवण झाल्यावर उरलेल्या जगाचा विचार करावा, ही मूळ कल्पना सर्वांची एकच आहे.

प्रथम एका जुन्या निंदेचा निकाल लावणें जरूर आहे. फ्रीमेसन मंडळींच्या घरास आपल्याकडे लोक ‘भूतबंगला’ किंवा ‘जादूघर’ म्हणत आले. तेथें कवट्या असतात, तेथें शपथ मोडणाराचा गळा कापतात, तेथें गेलेला मनुष्य धर्म बाटवून येतो, असल्या गोष्टी आमच्या लहानपणीं मोठीं माणसें गंभीर चेहऱ्यानें सांगत. वस्तुतः या मंडळींचें गुपित सॅम्युअल प्रिचर्ड नांवाच्या एका माजी सभासदानें १७३० सालींच लंडनमध्यें छापून टाकलें, आणि तेव्हांपासून ज्यास वाचण्याची हौस आहे त्यास तें खुलें आहे. त्याच सुमारास हिंदुस्थानांतला पहिला लॉज कलकत्त्यास निघाला. पुढें पलटणी व कंपनी सरकारचे नोकर जिकडे गेले तिकडे ही संस्था गेली आणि ब्रिटिश अमदानींत नागपुरासही आली. मुंबईस जेम्स बर्न्स या डॉक्टरानें १८४३ सालीं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा लॉज देशी गृहस्थांस घेण्यासाठीं म्हणून काढला. कलकत्त्यास मात्र प्रसन्नकुमार दत्त यांस, हिंदु मनुष्य एक ईश्वर मानतो कीं अनेक या वादापायीं, १८६३ पासून १८७२ पर्यंत दाराशीं तिष्ठत राहावें लागलें. १९६१ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस भारताचा स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाला आणि कारभार सर्वस्वीं आपल्या लोकांच्या हातीं आला. मनुष्यमात्र एका पित्याचीं लेंकरें असें म्हणणाऱ्या संस्थेस एक हिंदु गृहस्थ बंधु होऊं शकतो कीं नाहीं हें ठरविण्यास नऊ वर्षें लागलीं, ही गोष्ट आम्ही चेष्टेसाठीं सांगत नाहीं. तिचें काम पुढें पडणार आहे.

भूतबंगल्याची निंदा खोटी. पण तिच्या उलट बाजूस जी स्तुति चालते तीही आम्हांस खरी वाटत नाहीं. ही मंडळी गुपचूप पुष्कळ दान करतात, असें त्यांचे स्नेही सांगतात. गुपचूप करीत असतील तें आम्हांस दिसण्याचा संभवच नाहीं. दिसतें त्याविषयींच आम्ही बोलणार. आणि आश्चर्य हें कीं, दानाविषयींचा या संस्थेचा जो खरा धडा आहे तो तिच्या बंद दाराआडच राहिला आहे.

तो धडा दोन ठिकाणीं आहे. पहिला दीक्षाविधींत. नवा उमेदवार आंत येण्यापूर्वीं त्याच्या अंगावरील पैसा, अंगठी, घड्याळ, जें जें धातूचें व मोलाचें असेल तें तें काढून घेतात. मग विधि चालू असतां सर्वांसमक्ष त्यास विचारतात कीं, दीनांसाठीं कांहीं देण्याची तुझी इच्छा आहे काय? इच्छा असते, जवळ कांहींच नसतें. तो गोंधळतो. मग त्यास सांगण्यांत येतें कीं, या रिकाम्या हातांची आठवण ठेव. पुढें कोणी बंधु अशाच अवस्थेंत तुझ्याकडे आला तर ती तुझ्या उपयोगीं पडेल. दान करा म्हणून सांगणारे ग्रंथ आपल्याकडे थोडे नाहींत. परंतु दात्यास प्रथम याचकाच्या जागीं उभें करून, त्याची लाज त्यास चाखावयास लावून, मग त्याच्या हातीं पैसा परत देणारा विधि आम्हांस विरळा वाटतो. आपल्या मुंजींतील भिक्षावळीचा मूळ हेतु कदाचित् हाच असेल. पण आतां त्या झोळींत लाडू, नोटा आणि चांदीचीं भांडीं पडतात, व बटूस भीक मागण्याऐवजीं अहेर स्वीकारण्याचें शिक्षण मिळतें.

दुसरा धडा झोळीचा. फ्रान्समधील व युरोपांतील इतर कांहीं लॉजांत सभेच्या अखेरीस दानासाठीं एक पेटी अथवा झोळी फिरवितात. तिला ‘विधवेची पेटी’ असें नांव आहे. प्रत्येकानें मूठ मिटून हात आंत घालावा आणि पंजा उघडून बाहेर काढावा. कोणीं मोहोर टाकली आणि कोणीं कांहींच टाकलें नाहीं हें शेजाऱ्यास कळत नाहीं. ज्याच्यापाशीं नाहीं त्याची अब्रू राहते. ज्याच्यापाशीं आहे त्याचा डौल उतरतो. एका हाताचें दिलेलें दुसऱ्या हातास कळूं नये ही आपली म्हण सर्वांस पाठ आहे, पण ती पाळतां यावी म्हणून झोळीचें तोंड किती रुंद ठेवावें इथपर्यंत विचार करणारे लोक थोडे.

हीच मंडळी, आणि त्यांचा कित्ता गिरविणारे क्लब, दाराबाहेर येऊन दान करूं लागतात तेव्हां काय दिसतें? गेल्या कांहीं हिंवाळ्यांत अशा तीन-चार समारंभांस आम्हांस जावें लागलें; अध्यक्षांच्या डाव्या हाताची खुर्ची भरण्यास प्राध्यापकाचा उपयोग होतो. त्यांतील एकाची हकीकत, संस्थेचें नांव न घेतां, सांगतों. निमंत्रण पांच वाजतांचें. कांबळीं घ्यावयाच्या बायका चार वाजतांच आणून बसविल्या होत्या. प्रमुख पाहुणे साडेसहास आले. स्वागत, परिचय, पुष्पगुच्छ, गेल्या वर्षाच्या अध्यक्षांकडून या वर्षाच्या अध्यक्षांची आणि या वर्षाच्या अध्यक्षांकडून गेल्या वर्षाच्या अध्यक्षांची स्तुति, असें होतां होतां आठ वाजले. मग नांवें पुकारलीं गेलीं. एक म्हातारी बाई कांबळें घेऊन पायऱ्या उतरूं लागली तों छायाचित्रकारानें तिला परत बोलाविलें, कारण पाहुण्यांचा चेहरा तिच्या पदराआड गेला होता. तिनें कांबळें परत दिलें आणि पुन्हां घेतलें. या वेळीं चेहरा नीट आला. कांबळीं चाळीस होतीं. त्यांच्या मागें लावलेला फलक पंधरा हात लांब होता.

फलकाच्या, हारांच्या आणि फराळाच्या पैशांत आणखी किती कांबळीं आलीं असतीं हा हिशेब कोणीही करील. आमचा मुद्दा तो नव्हे. त्या बायकांपैकीं बहुतेकींची संध्याकाळचीं धुणींभांडीं त्या दिवशीं बुडालीं असतील. चार तास बसून त्यांनीं कांबळ्याची किंमत आगाऊ चुकती केली. देणाऱ्यांस मात्र आपण फुकट दिलें असें वाटलें. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन वर्ग केले आहेत, आणि असल्या समारंभांस लोक सामान्यतः राजस वर्गांत घालतात, कारण तेथें फळाची इच्छा असते. आम्हांस हें वर्गीकरण सौम्य वाटतें. घेणाऱ्याचा सत्कार न करतां, त्यास हलकें लेखून दिलेलें दान तेथें तिसऱ्या वर्गांत घातलें आहे. हार कोणाच्या गळ्यांत पडले होते तें पाहावें म्हणजे वर्ग ठरविण्यास अडचण पडूं नये.

मिटलेली मूठ आंत राहिली आणि फलक बाहेर आला, हें आमचें गाऱ्हाणें आहे. कोणीं किती दिलें हें झांकावयाचें. जमलेला पैसा कोठें गेला, कोणास पोंचला, वर्षाअखेर त्याचें काय झालें, हें उघडें करावयाचें. प्रत्यक्षांत याच्या बरोबर उलट घडतें. देणारांचीं नांवें वर्तमानपत्रांत येतात. हिशेब सरकारांत जातो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीं नोंदलेल्या संस्थांनीं तपासलेले हिशेब धर्मादाय खात्यास सादर करावे लागतात हें आम्हांस ठाऊक आहे. पण कचेरींत सादर करणें निराळें आणि ज्या पेठेंत कांबळीं वाटलीं त्या पेठेंतील लोकांपुढें ठेवणें निराळें. गेल्या वर्षीं वाटलेलीं शिवणयंत्रें आज कोणाच्या घरीं चालतात, कोणाच्या घरीं गंजतात आणि कोणीं विकलीं, हें सांगणारा अहवाल आमच्या पाहण्यांत अद्याप आला नाहीं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एकाचें नांव छापलें म्हणजे दुसऱ्यास देण्याची बुद्धि होते. कीर्तीचा लोभ हा लोभच असला तरी त्यामुळें चार रुपये गरिबाकडे जातात, मग तुमचें काय बिघडतें? शिवाय नागपुराकडेच पाहा: डागा यांचें नांव स्त्रियांच्या रुग्णालयास आहे, लक्ष्मीनारायण यांचें नांव तंत्रशिक्षणाच्या संस्थेस आहे, त्यांनाही नांवें ठेवणार काय? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं, आणि म्हणूनच लक्ष्मीनारायण यांचें उदाहरण जरा जवळून पाहण्यास वाचकांस विनंति करतों. कामठीचे हे रावबहादुर मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झाले आणि १९३० सालीं वारले. आपली बहुतेक मालमत्ता, जी पसतीस लाखांच्या घरांत होती, त्यांनीं मृत्युपत्रानें नागपूर विद्यापीठाच्या हवालीं केली, उपयोजित विज्ञान शिकविण्यासाठीं. विद्यापीठ तेव्हां अवघें सात वर्षांचें होतें. संस्था १९४२ सालीं उघडली. म्हणजे दाता जाऊन बारा वर्षें झालीं होतीं. २०२३ सालीं तिचें स्वतंत्र विद्यापीठ झालें. त्यांचें नांव भिंतीवर चढलें तें पाहण्यास ते नव्हते, आणि त्या पैशावर शिकलेल्या एकाही विद्यार्थ्यास त्यांच्या शेजारीं उभें राहून छायाचित्र काढवून घ्यावें लागलें नाहीं. नांव राहण्यास आमची हरकत नाहीं. नांव दगडावर असावें, घेणाऱ्याच्या कपाळावर नसावें, एवढेंच.

कीर्तीच्या लोभाला मोकळीक दिली म्हणजे तो कोठपर्यंत जातो याचा एक दाखला इंग्लंडचा आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथील कित्येक धर्मादाय संस्थांत, ज्यानें जेवढी वर्गणी दिली तेवढीं मतें त्यास मिळत. अनाथगृहांत एक जागा रिकामी झाली म्हणजे तीसाठीं निवडणूक होई. पोरक्या मुलाची आई किंवा मावशी दारोदार फिरून मतें गोळा करी, पत्रकें छापी, गाडीभाड्यांत होतें नव्हतें तें घालवी. आणि हरली तर सहा महिन्यांनीं पुन्हां उभी राही. फ्रीमेसन मंडळींच्या मुलांमुलींसाठीं चालविलेल्या नामांकित संस्थाही या पद्धतीपासून अलिप्त नव्हत्या. देणारांस ती फार आवडे, कारण प्रत्येकास आपण एका जीवाचें भवितव्य ठरवितों असें वाटे. ती मोडण्यास तेथील विचारवंतांस फार झगडावें लागलें. आपल्याकडे मतांची पत्रकें नाहींत. पण लाभार्थ्यांची यादी कोण करतो, तींत कोणाच्या मोलकरणीचें आणि कोणाच्या गाडीवानाचें नांव असतें, हें एकदां पाहावें.

दुसरा दोष आम्हांस पहिल्याहून मोठा वाटतो, आणि तो कमी बोलला जातो. बंधुसंघांचें दान प्रसंगाचें असतें. दुःख प्रसंगाचें नसतें.

नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर चढतो. येथें पाणपोई, किंवा विदर्भांत म्हणतात तशी प्याऊ, ही करमणूक नव्हे. अक्षय्य तृतीयेस पाण्याचा घडा दान देण्याची आपली चाल या उन्हांतूनच निघाली असली पाहिजे. जुन्या पाणपोईवर मातीचे रांजण, त्यांभोंवतीं ओलें फडकें, डोक्यावर तट्ट्या, आणि लांब दांड्याच्या भांड्यानें ओंजळींत पाणी घालणारी एखादी म्हातारी असे. तिला कोण ठेवी, रांजण कोणाचे, हें पिणाऱ्यास ठाऊक नसे आणि तो विचारीतही नसे. रांजण पहांटे भरावा लागतो, रोज घांसावा लागतो, न घांसला तर तळाशीं शेवाळ धरतें. म्हणजे पाणपोई घालणें यांत दान अल्प आणि कष्ट फार. तेही गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत, एक दिवस न चुकतां. आतां पाणपोया पूर्वींपेक्षां अधिक आहेत. त्यांचें उद्घाटन होतें, फीत कापली जाते, छायाचित्र निघतें. आणि पंधरा दिवसांनीं जाऊन पाहावें तों रांजण कोरडा व फलक तजेलदार. पाणी देण्याची इच्छा त्या मंडळींस नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. रांजण घांसण्याची नव्हती.

आणि रांजण घांसणें हीच सेवा आहे. १९२१ सालीं कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघींनीं नागपुरांत मातृसेवासंघ काढला. कमलाताईंस अल्पवयांतच वैधव्य आलेलें. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांनीं घराच्या कोपऱ्यांत बसावयाचें होतें. त्या परिचारिकेचें व सुइणीचें काम शिकल्या आणि थोड्या खाटा घेऊन प्रसूतिगृह मांडून बसल्या. बाळंतपण हें अध्यक्षांची सोय पाहून येत नाहीं. तें बहुधा रात्रीं येतें, पावसांत येतें, आणि एकाच रात्रीं तिघींचें येतें. पुढें संघाच्या शाखा विदर्भाबाहेरही गेल्या, सरकारनें कमलाताईंचा गौरवही केला. परंतु त्या संस्थेचा पाया म्हणजे एका बाईनें रात्रभर जागें राहणें हा होता. अशा संस्था ज्यांनीं चालविल्या त्यांस विचारलें तर सर्वजण एकच गोष्ट सांगतील: इमारतीस पैसा मिळतो, खोलीस मिळतो, खाटेस मिळतो, पंख्यासही मिळतो, कारण पंख्यावर नांव घालतां येतें. रात्रपाळीच्या परिचारिकेच्या पगारास पैसा मिळत नाहीं. तिच्यावर पाटी कोठें लावणार?

बंधुसंघांस आमचें पहिलें मागणें येथूनच निघतें. त्यांनीं दहा वर्षें कोणत्याही वस्तूचें दान करूं नये. नागपुरांतील चालत्या संस्थांपैकीं दोन-तीन निवडाव्या, आणि त्यांच्या नित्य खर्चाचा एक निश्चित भाग दहा वर्षांसाठीं आपल्या शिरावर घ्यावा. अध्यक्ष बदलला तरी तो बदलूं नये. दरवर्षीं नवा अध्यक्ष आणि प्रत्येक अध्यक्षाचा नवा ‘प्रकल्प’ या रिवाजानें आजवर जेवढें नासलें तेवढें कंजूषपणानेंही नासलें नसेल.

बांधून घेतलेल्या दानाची परंपरा आपल्या घरांत नाहीं असें थोडेंच आहे! वार लावून जेवणारे विद्यार्थी आमच्या पिढीनें पाहिले नसले तरी आमच्या आजोबांच्या पिढींत ते घरोघर होते. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं; गृहिणीची इच्छा असो वा नसो, पाहुणे असोत वा आजार असो, त्या वारीं त्या मुलाचें पान मांडावेंच लागे. त्यांत अपमान होते. शिळें वाढल्याच्या आणि बोलून दाखविल्याच्या गोष्टी पुष्कळांच्या आत्मवृत्तांत सांपडतील. तरीही देणाऱ्याच्या लहरीवर तें अन्न अवलंबून नव्हतें, आणि त्या अन्नावर महाराष्ट्रांतील विद्वानांची एक मोठी रांग उभी राहिली. परंतु या पद्धतीचा खरा दोष अपमान हा नव्हता. तिचा दोष हा कीं, पान मांडलें जाई तें बहुधा आपल्याच जातीच्या मुलासाठीं. महाराचा किंवा कोष्ट्याचा हुशार मुलगा त्याच रस्त्यानें उपाशी जाई व त्याचा वार कोणाकडेच नसे.

प्रसन्नकुमार दत्तांची गोष्ट आम्ही मघाशीं राखून ठेवली ती येथें कामीं येते. दीक्षाविधींतील तो सुंदर धडासुद्धां ‘बंधु’ या शब्दाशीं येऊन थांबतो. १७८८ सालीं लंडनमध्यें रुस्पिनी या दंतवैद्यानें मुलींची जी शाळा काढविली ती फ्रीमेसनांच्या मुलींची. आपल्यांतील विधवा, आपल्यांतील पोरकीं मुलें यांची काळजी घेणें हा धर्म आहे. त्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. पण तो विम्याचा धर्म आहे. बंधु कोण हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे त्याच्या दयेची लांबी त्यानेंच मापून ठेवलेली असते. क्लब तर याहून पुढें गेले: त्यांचें दान बाहेरच्यांसाठीं असतें हें खरें, पण तो बाहेरचा कधीं आंत येईल ही कल्पनाच तेथें नाहीं. ज्या मुलीस आज सायकल दिली ती वीस वर्षांनीं त्या टेबलाशीं जेवावयास बसेल असें कोणी मनांत आणतो काय?

याच विदर्भांत निराळें घडलें आहे. वरोऱ्याजवळ आनंदवनांत बाबा आमटे यांनीं १९४९ पासून महारोग्यांस हाताशीं धरलें तें भीक मोडून काढण्यासाठीं. त्या लोकांनीं खडकाळ जमीन फोडली, विहिरी खणल्या, धान्य पिकविलें. आणि १९६४ सालीं वरोऱ्याच्या मुलांसाठीं महाविद्यालय उभें केलें. ज्यांच्या सावलीस गांव भीत होतें त्यांनीं गांवास महाविद्यालय दिलें. आमच्या धंद्यांतील मनुष्यास या गोष्टीचें विशेष वाटतें, कारण महाविद्यालयांस देणग्या कशा मिळतात व त्यांच्याबरोबर काय काय अटी येतात हें आम्ही आयुष्यभर पाहत आलों. आणि तिकडे अमरावतीच्या बाजूस गाडगे महाराज, हातांत खराटा घेऊन गांवांत शिरत, दिवसभर गांव झाडीत, आणि रात्रीं कीर्तन करीत. त्यांनीं उभारलेल्या धर्मशाळांत त्यांनीं स्वतः बिऱ्हाड केलें नाहीं.

कोणी म्हणेल, हीं संतांचीं उदाहरणें झालीं. कचेरी व दुकान सांभाळणाऱ्या गृहस्थांस तीं लागू नाहींत. मान्य. तर मग गृहस्थांचेंच उदाहरण घ्या. जर्मनींत एल्बरफेल्ड नांवाच्या कापडाच्या गांवीं १८५३ सालीं गरिबांच्या मदतीची नवी पद्धत घातली. गांवाचे लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागावर एक नागरिक नेमला. कोणी कारखानदार, कोणी कारागीर, कोणी दुकानदार. पगार नाहीं. कोणाकडेही चारांहून अधिक कुटुंबें द्यावयाचीं नाहींत. पंधरा दिवसांतून एकदां त्यानें घरीं जावयाचें, पाहावयाचें, आणि मदत मंजूर व्हावयाची ती पंधरा दिवसांपुरतीच. पुढची हवी तर पुन्हां जावयाचें. त्या पद्धतींत कडकपणा होता, गरिबावर पाळत ठेवण्याची वृत्तिही होती. ती जशीच्या तशी आणावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण चार कुटुंबें हा आंकडा फार शहाणपणाचा आहे. चार घरांतील मुलांचीं नांवें गृहस्थास लक्षांत राहतात. चाळीस कांबळ्यांतील एकीचेंही राहत नाहीं.

आणि क्लबांस हें जमत नाहीं असेंही नाहीं. पोलिओच्या निर्मूलनाचें काम रोटरीनें १९८५ सालीं हातीं घेतलें आणि तें सोडलें नाहीं. भारतांतला शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारींत सांपडला; २०१४ च्या मार्चमध्यें आपला देश मुक्त झाल्याचें जाहीर झालें. दारोदार फिरण्याचा मोठा भार अंगणवाडीच्या व आरोग्यखात्याच्या बायकांनीं वाहिला, हें सांगितलेंच पाहिजे. तरीही बुथावर बसणारे, पैसा आणणारे, आणि मुख्यतः जवळजवळ तीस वर्षें एकाच कामास चिकटून राहणारे हे गृहस्थच होते. पंधरा हातांचे फलक तेव्हांही लागले असतील. त्यांच्याकडे कोणी पाहिलें नाहीं, कारण पाहण्यासारखें दुसरें होतें.

वेळ मोजण्याची कल्पना कांहीं लोकांस क्षुद्र वाटते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत चालू आहे; तींत विद्यार्थ्यानें दोन वर्षांत दोनशें चाळीस तास भरावयाचे असतात, आणि प्रमाणपत्रासाठीं तास भरणाऱ्या मुलांची आमचे सहकारी मनमुराद थट्टा करतात. आम्ही त्या थट्टेंत सामील होत नाहीं. प्रमाणपत्रासाठीं कां होईना, एका खेड्यांत आठ दिवस राहून शोषखड्डा खणणारा मुलगा तेथील पाणी पिऊन आलेला असतो. थट्टा करणाऱ्यांनीं आपले तास मोजून दाखवावे. आम्हांस तर असें सुचवावेंसें वाटतें कीं, लॉजच्या व क्लबांच्या वार्षिक अहवालांतून रुपयांचे आंकडे काढून टाकावे आणि प्रत्येक सभासदाचे तास छापावे. त्या यादींत कोण वर येतो व कोण खालीं जातो हें पाहणें सर्वांस बोधप्रद होईल.

सभासदांस वेळ नाहीं, हा शेवटचा आक्षेप. ते डॉक्टर आहेत, वकील आहेत, हिशेबतपासनीस आहेत, ठेकेदार आहेत. त्यांच्या एका तासाची किंमत आम्हांस ठाऊक नाहीं काय? ठाऊक आहे, म्हणूनच तो मागतों. नागपूरचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चें. त्याच्या रुग्णालयास सारें शहर नुसतें ‘मेडिकल’ म्हणतें. तेथें गडचिरोली-चंद्रपूरकडून, बालाघाट-छिंदवाड्याकडून, छत्तीसगडांतून रोगी येतात. रोग्याबरोबर आलेला भाऊ किंवा बाप ओसरींत चटई टाकून पडतो. त्यास चिठ्ठी कोणत्या खिडकींत मिळते हें ठाऊक नसतें. कागदावर काय लिहिलें आहे तें वाचतां येत नाहीं. कित्येकदां त्याची भाषा गोंडी असते आणि खिडकीमागचा मनुष्य ती जाणत नाहीं. सरकारी योजनेंत शस्त्रक्रिया फुकट होते हें त्यास कोणी सांगत नाहीं, आणि सांगितलें तर लागणारे कागद गांवीं राहिलेले असतात. या मनुष्यास कांबळें नको आहे. त्यास सकाळीं आठ ते दहा कोणी शेजारीं बसून कागद वाचून दाखविणारा, आणि उठून त्याच्याबरोबर खिडकीपर्यंत चालणारा हवा आहे. वकिलास अर्ज लिहितां येतो, डॉक्टरास चिठ्ठी वाचतां येते, हिशेबतपासनीसास योजनेचीं कलमें कळतात. एखाद्या संघाचे सभासद शंभर असले तर रोज एक याप्रमाणें प्रत्येकाची पाळी सव्वातीन महिन्यांनीं येते, म्हणजे वर्षाकाठीं सुमारें आठ तास. एवढे तास एका स्नेहभोजनाच्या तयारींत जातात. फलकाची तेथें जरूर पडणार नाहीं. बसावयास खुर्ची मात्र ज्याची त्यानें घरून न्यावी, कारण मेडिकलच्या ओसरींतल्या खुर्च्या रोग्यांसच पुरत नाहींत.